मोहिनीच्या टाळ्या

मोहिनी पगारे नाशिकरोडच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवायची. आवाज इतका खणखणीत, की ती पाढे घ्यायला लागली की माझ्या वर्गातली पोरंही तिच्यामागून म्हणायची. बौद्ध घरातली. खंडेनवमीला आम्ही शाळेचा कॉम्प्युटर पुजायला लागलो की हसायची. "आमच्याकडे यंत्राला कुंकू लावत नाहीत, तेल घालतात!"

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात तिचे आणि तिच्या नवऱ्याचे, मनोजचे, तीन भ्रूण तयार करून गोठवून ठेवले होते. पुढे गाठी झाल्या आणि तिची दोन्ही अंडाशयं काढावी लागली. म्हणजे आई होण्याची आशा उरली ती त्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत भ्रूण गर्भाशयात सोडायचे ठरले. बाईने सुट्टीआधीच सगळे पेपर तपासून टाकले.

ते वर्ष २००७. दवाखान्याच्या डॉक्टरांनी खंडेनवमीला नवाच घाट घातला होता, स्टेम सेल संशोधन केंद्राचा. लोकांच्या उरलेल्या भ्रूणांवर प्रयोग करायचे, लकव्यापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करायचं आणि त्यासाठी सरकारी अनुदान उपटायचं. अनुदान देणाऱ्यांत वजन असलेले एक पुढारी पाहुणे होते. खुर्च्या भरायला पेशंट बोलावले होते. मोहिनीला पहिल्या रांगेत बसवलं, मी तिच्या सोबतीला.

मांडवात नायट्रोजनचा कॅन आणला होता, त्याला झेंडूची माळ. पुढारी म्हणाले, "अहो डॉक्टर, आतलं दाखवा की लोकांना!" झालं. झाकण उघडलं, पांढरी वाफ उसळली, मांडवभर वाहवा. डॉक्टरांनी आतला भ्रूणांचा एक डबा बाहेर काढला, त्याला हळदकुंकू लावलं. पुढाऱ्यांनी हातमोजे घालून तो उंच धरला, टाळ्यांच्या गजरात फोटो काढून घेतले. लॅबमधली राखी धावत येऊन काहीतरी म्हणाली, तर डॉक्टरांनी तिला डोळ्यांनीच दटावलं. पुढाऱ्यांचं भाषण संपेपर्यंत डबा नारळाशेजारी ताटात पडून होता. कायदा येतोय, निधी येतोय, नाशिक देशाच्या नकाशावर जातंय! मोहिनीने जोरात टाळ्या वाजवल्या.

दिवाळीत कळलं, तिन्ही भ्रूण गेले.

"निसर्गापुढे कुणाचं चालतं, ताई?" डॉक्टर म्हणाले. जिन्यात मात्र राखीला राहवलं नाही. "मॅडम, त्या दिवशी बाहेर काढलेला डबा तुमचाच होता."

मोहिनी तशीच उलट पावली वर गेली, मी मागोमाग. डॉक्टरांनी आधी कानांवर हात ठेवले, मग म्हणाले, "असंही ते आता वाया गेलेत. संशोधनाला द्या, सही करा. देशाच्या कामी येतील." मला शिसारी आली. मारून टाकलंत ते टाकलंत, वर दानही मागता?

सरकारी कचेरीतल्या अधिकाऱ्याने सांगितलं, भ्रूणांबाबत मार्गदर्शक सूचना आहेत, कायदा नाही. सूचना मोडली म्हणून शिक्षा कसली? वकिलाने विचारलं, "दावा कशाचा लावू? माणूस गेला म्हणून, की माल खराब झाला म्हणून? दोन्ही कुठे लिहिलेलं नाही." लिहिणाऱ्यांना उद्घाटनांतून सवड मिळाली तर ना! तेवढ्यात दवाखान्याचं अनुदान मात्र मंजूर झालं. पेढे शाळेतही आले. मी माझा कचऱ्यात टाकला.

मोहिनी पाढे घेते, पण आता तिचा आवाज भिंतीपलीकडे येत नाही. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर त्या समारंभाचा मोठा फोटो लावलाय. ती एकदाच तिथे गेली आणि म्हणाली, "मला एवढं या फोटोतून काढा." बाकी काहीच मागितलं नाही.

"ताई, फोटो कापला तर साहेबांचा हात जाईल," डॉक्टर म्हणाले.

फोटो अजून तिथेच आहे. पुढाऱ्यांनी तिचा डबा उंच धरलाय आणि खाली पहिल्या रांगेत मोहिनी टाळ्या वाजवतेय.