भिकुअक्कांच्या हातचा चहा

शेजारच्या भिकुअक्कांनी पहिल्यांदा खीर पाठवली तेव्हा ती मी आधी यांना खायला दिली. अर्धा तास वाट पाहिली, मग स्वतः खाल्ली. आता लाज वाटते. पण अख्ख्या अमळनेरात असं मी एकटीनेच केलं, असं कुणी म्हणू नये.

अक्का सोळाव्या वर्षी अहिराणी नाटकात उभ्या राहिल्या. तोवर गावच्या जत्रेत बायकांची कामं मिशा काढून पुरुषच करत. पुढे सीडीवरचे सिनेमे आले. दाई, भिकारीण, मावशी, अक्कांनी सगळं केलं; लोकांनी लक्षात ठेवली ती एकच सासू. ती सुनेच्या चहात उंदराचं औषध कालवते आणि तिला संशय येऊ नये म्हणून आपल्या कपातला घोट आधी घेऊन गोड हसते. मेला तो प्रसंग अजून मोबाईलवर फिरतो.

त्यांचा योगराज छत्तीसचा झाला. आठ स्थळं घर बघून गेली, ती गेलीच. गेल्या महिन्यात नशिराबादच्या पुष्पाबाई लेकीला, हेमांगीला, घेऊन आल्या. मुलीकडच्यांनी चहा घेतला की बोलणी पुढे सरकली असं आमच्याकडे धरतात. अक्कांनी मला मदतीला बोलावलं होतं.

कप समोर आले. कुणी हात लावेना. पुष्पाबाईंनी कपात डोकावून पाहिलं.

"पहिले तुम्ही ल्या, अक्का."

अक्कांनी घोट घेतला आणि धीर द्यायला म्हणून हसल्या. तिथेच चुकलं. पुष्पाबाईंनी लेकीचा कप लांब सरकवला.

माझं डोकं फिरलं. "अहो, चहा मी केलाय!"

मग त्या माझ्याकडेही तसंच बघू लागल्या.

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, ते त काम व्हतं. मना पोऱ्यानं काय चुकनं?"

"सिनेमामा बी तुम्ही आसाच रडनात," पुष्पाबाई म्हणाल्या.

हेमांगी मान खाली घालून बसली होती. योगराज उठून आत गेला. बाईंचा मला इतका संताप आला की कप उचलून मोरीत ओतावेसे वाटले.

निघताना पुष्पाबाईंनी दारात आपला मोबाईल माझ्या हातात दिला. अक्कांसोबत फोटो हवा होता. "तोंड सिनेमासारखं करा ना, अक्का!"

अक्कांनी डोळे पुसले, पदर खोचला, एक भुवई वर चढवली. मी फोटो काढला. त्यांनी तो निरखून पाहिला.

"आजून एक काढ," त्या मला म्हणाल्या, "मना डोळा मिटी गया."

घरी पोचताच पुष्पाबाईंनी तो दुसरा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. नकार मात्र दुसऱ्या दिवशी कळवला.