सुटा सेट मिळणार नाही

माझ्या साडूंइतका माणसं जोडणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडणार नाही, आणि या गोष्टीचा मला मनस्वी राग आहे. भुईगावात त्यांची केळीची वाडी आणि पुढच्या पडवीत जुन्या वॉकीटॉकींचा पसारा. सिक्युरिटीवाल्यांनी मोडीत काढलेले, शूटिंगवाल्यांनी टाकून दिलेले सेट ते आणायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. गिऱ्हाईक एकदा आलं की घरचंच व्हायचं. गणपती मंडळाची पोरं सेट न्यायला यायची आणि जेवून जायची. पापडीच्या चर्चच्या सणाला गर्दी आवरणारे एक काका सेटबरोबर हक्काने केळफूल न्यायचे. राजोडीचा एक म्हातारा कोळी तर सेट घेऊन वर्ष उलटलं तरी दर रविवारी हजर. "पान्यात भिजला वाटतं," म्हणत ठणठणीत कोरडा सेट पुढे करायचा. साडू तो गंभीरपणे उघडायचे, पुसायचे, परत द्यायचे. तोवर दोघांचा चहा झालेला असायचा. इकडे माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजते ती फक्त कुरिअरवाला आला की.

साडूंचा एक हट्ट होता. सुटा सेट विकायचा नाही, जोडीच न्यायची. मीही एकदा हौसेने मागायला गेलो, तर म्हणाले, "दुसरा कोणासाठी?" मला नाव सुचेना. घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. हाक मारली तरी ऐकू येते की! आणि भावोजींचा हेवा करायचाच असेल तर आधी त्यांच्यासारखं हसून बोलायला शिका." त्या दिवसापासून माझा जळफळाट दुप्पट झाला.

मग नियम बदलले. कमी ताकदीचे ठरावीक सेट सोडले तर बाकीच्यांना परवाना लागणार, मंजुरीच्या शिक्क्याशिवाय विक्री बंद, मोबाइलवरच्या जाहिरातीसुद्धा बंद. साडूंच्या जुन्या मालावर कुठला आलाय शिक्का? त्यांनी एका दिवसात धंदा गुंडाळला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सांत्वनाला जाताना मी इस्त्रीचा शर्ट घातला, यावरून काय ते ओळखा.

जाऊन पाहतो तर पडवीत पाय ठेवायला जागा नाही. सेट गेले होते, माणसं तशीच होती. मंडळाची पोरं, चर्चचे काका, सगळे माझ्याआधी सांत्वनाला हजर. म्हातारा कोळी घरचा बिघडलेला मिक्सर मांडीवर घेऊन बसलेला. माझा शर्ट वाया गेला.

निघताना साडू मला मागे विहिरीपाशी घेऊन गेले आणि हातात एक छोटा सेट ठेवला. "ही एकच जोडी कायद्यात बसते. हा तुमचा."

"आणि दुसरा?"

"माझ्याकडे. त्या दिवशी तुम्हाला नाव सुचलं नव्हतं ना."

मी तो सेट इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

कायद्यात बसणाऱ्या सेटची ताकद ती केवढी! माणिकपूरहून नुसती खरखर ऐकू येते. म्हणून संध्याकाळी मी स्कूटर काढतो आणि भुईगावच्या अलीकडच्या वळणावर, एका चिंचेखाली थांबतो. बटण दाबलं की साडू विचारतात, "कुठून बोलताय?"

"घरूनच," मी सांगतो.

आणखी दोन मिनिटं पुढे गेलो तर त्यांची पडवी आहे, चहा आहे. पण तिथे ते सगळ्यांचे असतात. कोळी असतो, काका असतात, पोरं असतात, आणि मी त्या गर्दीत कडेला बसलेला एक साडू. या चिंचेखाली ते एकट्या माझे असतात.

हा सेट माणिकपूरहून लागूच शकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण तसं ते कधी म्हणत नाहीत. "बरं, मग बोला," म्हणतात, आणि ऐकत राहतात.