सुईबाईंच्या दोन खाटा

मूल होत नाही म्हणून एकट्या सुनेला घेऊन आलेल्या कुणालाही सुईबाई आत घेत नसत. दारातच विचारायच्या, "जोडीदार कुठाय?" गंगाखेडला स्टँडच्या मागे त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. आतल्या खोलीत खाटा दोन, एक बायकोची, एक नवऱ्याची. दुसरी खाट रिकामी असली की सुयांची डबी उघडायचीच नाही. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. म्हणेनात का!

आधी त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. नोकरी संपल्यावर लोक नातवंडं खेळवतात. या पुण्याला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आल्या. केसासारख्या बारीक सुया आणि उकळून प्यायच्या चिनी जडीबुटीच्या पुड्या, एवढाच त्यांचा पसारा. चिनी मालाची गॅरंटी नसते, अशी टिंगल बाजारात चालायची. त्यावर त्या शांतपणे म्हणत, "म्या गॅरंटी देतच न्हाई. पाळीचं दुखनं कमी करीन, झोप लागंल असं बघीन. लेकरू व्हईलच म्हननाराकडं जायचं आसंल तर खुशाल जावा." डॉक्टरांच्या तपासण्या झाल्याशिवाय पुडीही देत नसत, दोघांच्याही.

मला सासूबाईंनी सोनपेठहून तिथं नेलं तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती. हा शेवटचा इलाज, असं त्यांनी बसमध्येच ऐकवलं. त्यांच्या भावाची मुलगी लग्नाची होती आणि ती या घरात कशासाठी येऊन राहते, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नव्हते. जोडीदाराचं विचारताच सासूबाई भडकल्या. माझ्या लेकाला काय धाड भरलीय, म्हणाल्या. सुईबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "मग मावशी, सुनंलाच भरलीय हे तुमाला कोनी सांगितलं?"

चार खेपा रिकाम्या गेल्यावर हे आले एकदाचे. आमचे हे कारखान्यात कामाला. माणूस वाईट नाही, पण आईपुढे तोंड उघडायचं म्हटलं की यांचं पाणी पाणी व्हायचं. तपासण्या झाल्या. माझं सगळं ठीक होतं, कमी यांच्यात होती. यांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी सांगितलं, दोघांनाही औषध दिलंय. बास, इतकंच. आणि मीही गप्प बसले. मोठी शहाणी ना मी!

पुड्या दोघांच्या वेगळ्या होत्या. माझ्या पुड्यांना हिरवा दोरा, यांच्या पुड्यांना तांबडा. सकाळी सासूबाई दोन्ही उकळायच्या आणि दोन्ही पेले माझ्याच पुढ्यात ठेवायच्या. लेकरासाठीचं औषध बाईनंच प्यायचं असतं, पुरुषाच्या जातीला ते कशाला, हा त्यांचा हिशेब. मी दीड महिना निमूट दोन्ही पेले रिकामे केले. माझं तोंड आलं, पोटात आग पडली. पुढच्या खेपेला सुईबाईंनी नेहमीप्रमाणे आधी दोघांच्या जिभा बघितल्या आणि डबी मिटून ठेवली. काय झालं ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मला वाटलं, आता सासूबाईंची धडगत नाही. पण सुईबाई माझ्यावरच कडाडल्या, "तुला ठावं व्हतं न्हवं? त्याचं दुखनं बी तूच गिळनार व्हय? असल्या गरीब गाईला म्या सुई लावत न्हाई. जा घरी." हे शेजारच्या खाटेवर मान घालून बसले होते. परतताना मी बसमध्ये यांच्यापासून लांबच्या सीटवर बसले. एवढा राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता, त्यात निम्मा माझा स्वतःचाच होता.

पुढच्याच आठवड्यात घरी नणंदेचं डोहाळजेवण होतं. सासूबाईंनी मला सांगितलं, तू स्वयंपाकाचं बघ, ओटी भरायला पुढे येऊ नकोस. बाहेर बायकांत भाचीच्या लग्नाची बोलणी उघड सुरू झाली होती. या घराला वारस नको का, असं कुणीतरी म्हणालं. मी हात पुसले आणि तशीच बाहेर गेले. तांदळाचं सूप उचललं, नणंदेची ओटी भरली. ती बिचारी रडायलाच लागली. मग मी दारात उभ्या असलेल्या यांच्याकडे वळून म्हणाले, "तांबड्या दोऱ्याच्या पुड्या कुणाच्या, ते सांगा सगळ्यांना. न्हाईतर म्या आजच माहेरी जाते, आन् परत यायची न्हाई."

यांनी खिशातून घडी पडलेला कागद काढला. आईकडे बघून म्हणाले, "माज्या हायेत. कमी माज्यात हाय, आई. दुसरी केली तर तिचं बी आसंच वाटोळं व्हईल." भाचीची आई न जेवताच मुलीला घेऊन निघाली.

यांनी नंतर वर्षभर तो काढा नाक दाबून प्यायला. आम्हाला मूल झालं नाही. सुईबाई गेल्या, त्यालाही आता दोन वर्षं होतील. माझ्या पाठीशी अशी उभी राहिलेली बाई मला पुन्हा भेटली नाही. नवीन ठिकाणी गेलं की कुणीतरी माझ्याकडे बघून विचारतंच, काही इलाज केला नाही का? मी तोंड उघडायच्या आत हे सांगतात, "दोष माज्यात हाय." विचारणारा ओशाळतो. ओशाळू दे.