टिचकी मारून ऐकणाऱ्या शरयूकाकू

शरयूकाकू पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा मी कपात चहा ओतणार, तोच त्यांनी कप उचलला, कानाशी नेला आणि त्याला टिचकी मारली. मग डोळे मिटून ऐकलं. "ह्यात मला नको देऊस," कप बशीत ठेवत त्या म्हणाल्या. "आणि तूही पिऊ नकोस. बद्द वाजतोय. तडा गेलाय कुठेतरी." तो सेट माझ्या लग्नातला आहेर होता. साड्यांच्या घड्यांत गुंडाळून मी तो साताऱ्याहून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत आणला होता. पहिल्याच भेटीत कुणी आपल्या कपाला खोटं पाडावं, हे काही मला रुचलं नाही. त्यांना मी स्टीलच्या पेल्यात चहा दिला. चार दिवसांनी त्याच कपाचा कान माझ्या बोटांत राहिला आणि वाफाळता चहा मांडीवर सांडला. हे मी काकूंना कधीच सांगितलं नाही.

कॅरीमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते, मुलगा टेक्सासमध्ये प्लेनोला. आम्ही नवे होतो. नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं ती, आणि आमच्यासारखे सगळेच तेव्हा भ्यालेले होते. आज ह्याला काढलं, उद्या त्याला काढलं, अशा बातम्या जेवणाच्या टेबलावर यायच्या. नोकरी गेली की व्हिसा गेला, म्हणजे सामान बांधायचं. माझा नवरा समीर आठवड्याचे पाच दिवस एका क्लायंटकडे प्लेनोला जायचा आणि मी सात महिन्यांच्या मुक्ताला घेऊन घरात असायचे. पण आमची सगळ्यांची भीती एका पारड्यात टाकली असती, तरी काकूंचं पारडं खालीच गेलं असतं.

त्या हायवेला भ्यायच्या. डावीकडे वळायला भ्यायच्या, म्हणून तीनदा उजवीकडे वळून जायचं तिथे पोचायच्या. लिफ्टला, कुत्र्याला, पारदर्शक खिडकीच्या पाकिटातून येणाऱ्या सरकारी पत्रांना भ्यायच्या. काका चिडवायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." काकू शांतपणे म्हणायच्या, "असतोच तो मागे. म्हणून तर भ्यायचं." मी एकदा विचारलं, की सतत असं घाबरून थकायला होत नाही का? तर म्हणाल्या, "भीती बरी असते गं. ती आपल्या आधी घरात शिरते आणि सगळं बघून येते. मग आपण जायचं." मी मनात हसले. ह्या बाई काहीही सांगतात, असं माझं एव्हाना ठरून गेलं होतं.

हिवाळा तोंडावर आला तशी एका शनिवारी त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे गरम खायला-प्यायला एक धड भांडं नाही. चल." समीरने गाडी काढली आणि 'लेफ्ट घेऊ नकोस रे' ऐकत आम्ही शेजारच्या रॉली शहराच्या एका टोकाला असलेल्या छोट्याशा जपानी दुकानात पोचलो. दुकान एका म्हाताऱ्या जपानी बाईंचं होतं. काकू तिथल्या जुन्या गिऱ्हाईक. दोघींचं इंग्रजी बेतास बात, पण दोघी तासभर बोलल्या. बोलल्या म्हणजे काय, एकीने भांडं द्यायचं, दुसरीने टिचकी मारायची आणि दोघींनी मान हलवायची.

मला तिथले पांढरेशुभ्र, पातळ, निळ्या नक्षीचे कप आवडले. काकूंनी ते हातातून काढून घेतले. "हे दाखवायचे. थंडीत चहा ह्यात दोन मिनिटांत गार होतो." त्यांनी माझ्यापुढे शेवाळी-तपकिरी रंगाचे, जाड, बिनकानाचे पेले ठेवले. स्टोनवेअर म्हणतात त्याला. "आपल्या लोणच्याच्या बरणीची सख्खी बहीण आहे ही. तशीच माती, तशीच कडक भाजलेली." मग मला शिकवणी सुरू झाली. आधी टिचकी मारायची, आवाज खणखणीत यायला हवा. मग उलटं करून बुडाच्या कडेवर अंगठा फिरवायचा, खरबरीत असेल तर टेबल ओरखडेल. आतल्या झिलईवर टाचणीएवढीही भोकं नकोत. वाडगा खोल हवा आणि तोंडाशी जरा आत वळलेला, म्हणजे सूप शेवटच्या चमच्यापर्यंत गरम राहतं. आणि वाढण्याआधी त्यात कढत पाणी घालून तो तापवून घ्यायचा.

"पण ह्याला कान नाही," मी म्हटलं. "धरायचा कसा?"

"नाहीये तेच बरं. हाताला सोसत नाही ते जिभेला काय सोसणार? हात पोळतो तो तोंड वाचवायला. कान असला की कळत नाही, आणि माणूस बिनघोर तोंड भाजून घेतो."

त्यांनी स्वतःसाठी झाकणाचं एक मोठं मातीचं भांडं घेतलं, चुलीवर चढवायचं. दुकानवाल्या बाईंनी बोट उंचावून बजावलं, "फर्स्ट टाइम, राइस. मेनी वॉटर. स्लो, स्लो." नव्या भांड्यात आधी भाताची पेज मंद आचेवर शिजवायची, म्हणजे मातीची बारीक छिद्रं पेजेनं बुजतात आणि भांडं पाझरत नाही. काकूंचा चेहरा उजळला. "अगं, माझी आजी नव्या मडक्याला हेच करायची. ही बाई आपल्यातलीच निघाली."

डिसेंबरात एका पहाटे बर्फाचा पाऊस झाला. पडता पडता गोठणारा. सकाळी झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी कुठेतरी एक कडकन मोडत होती. प्रत्येक आवाजाला मुक्ता दचकून रडायची. वीज गेली. आमच्या घरात चूल विजेची, हीटरही विजेचा. समीर प्लेनोत अडकला होता. "यार, सगळ्या फ्लाइट्स कॅन्सल आहेत. तू काकूंकडे जा ना," तो फोनवर म्हणाला. जाणार कशी? जिन्याच्या पायऱ्यांवर बोटभर बर्फाचा थर होता आणि कडेवर मूल. दुसऱ्या दिवशीही वीज आली नाही. मुक्ताची बोटं गार पडली, ओठ फिकट दिसायला लागले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ह्या देशात, ह्या घरात माझं मूल थंडीने जाईल आणि कुणाला कळणारही नाही, हेच डोक्यात फिरत होतं.

भारतातून आईचा फोन आला. रडत रडत मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, मग शेगडी पेटव की. तुम्हा दोघींना बाळंतपणात मी चाळीस दिवस शेक दिला तो कशानं? निखारे झाले, धूर गेला, की शेगडी आत घ्यायची." आईचं खरंच होतं. आमच्या साताऱ्याच्या घरात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असायचीच. त्या घराला पत्रा आणि भिंतीच्या मध्ये हात जाईल एवढी फट होती, हे मात्र तिलाही आठवलं नाही आणि मलाही. उन्हाळ्यात आणलेली छोटी बार्बेक्यूची शेगडी आणि अर्धं पोतं कोळसा गॅलरीत पडून होता. मी तिथेच कोळसे पेटवले, लाल होऊ दिले आणि शेगडी बेडरूममध्ये आणली. दाराच्या फटीला टॉवेल लावले. खिडकी घट्ट लावून तिच्या कडांत मोजे कोंबले. दहा मिनिटांत खोलीत ऊब आली. मुक्ता रडायची थांबली. मला वाटलं, सुटलो.

दुपारी दोनच्या सुमारास काकूंचा फोन आला. त्यांनी गॅलरीत कोट घालून बसून गॅसच्या छोट्या चुलीवर, त्या जपानी भांड्यात पेज केली होती. बर्फ वितळला की काका घेऊन येतील, म्हणाल्या. मी सांगितलं, "आता काळजी नाही काकू. शेगडी पेटवलीय. मस्त ऊब आहे. मुक्ता गाढ झोपलीय."

पलीकडे झाकण आपटल्याचा आवाज आला. मग काकू ओरडल्या. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "खिडकी उघड. आत्ता. आधी खिडकी उघड."

माझं डोकं ठणकत होतं. सकाळपासून चहा नाही, म्हणून असेल असं वाटत होतं. एवढ्या कष्टाने आणलेली ऊब ह्या भित्र्या बाईसाठी कोण बाहेर सोडणार? "हो काकू," मी म्हटलं.

"उघडलीस?"

"हो, उघडली."

फोन ठेवला आणि मी मुक्ताशेजारी आडवी झाले. उठायचं होतं, पण पाय जड झाले होते. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दारावर थापा. नुसत्या थापा नाहीत, काहीतरी जड आपटल्याचा आवाज. भिंत धरत मी कशी उठले, कडी कशी काढली, ठाऊक नाही. काकू आत घुसल्या. बुटांवरून काकांचे लोकरी मोजे चढवलेले, पातळ मागून ओलं, हाताचं कोपर फुटलेलं. माझ्याशी एक अक्षर न बोलता त्यांनी मुक्ताला उचललं, गॅलरीचं दार सताड उघडलं आणि बर्फाच्या हवेत तिला धरून तिच्या गालांवर टिचक्या मारायला लागल्या. एक. दोन. तीन. मुक्ता गप्पच होती. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. काकू कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत होत्या, अगदी पेला ऐकावा तशा. मग मुक्ताने तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. काकू मटकन खाली बसल्या.

काकांनी तोवर ॲम्ब्युलन्स बोलावली होती. ती आली चाळीस मिनिटांनी. हॉस्पिटलात आम्हा दोघींना ऑक्सिजन दिला. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठला होता; आणखी अर्धा तास गेला असता तर तुम्ही दोघी वाचला नसतात. रात्री आठच्या सुमारास आम्हाला सोडलं आणि काकांनी त्यांच्या घरी आणलं. काकूंनी दोन रजयांत गुंडाळलेलं भांडं काढलं, झाकण उघडलं. वाफ आली. दुपारी केलेली पेज अजून गरम होती. बिनकानाचा पेला माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "हाताला सोसतंय का बघ, मग पी." मी पेला दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही आलात कशा काकू?"

"बसून. एकेक पायरी बसून उतरले. तुझ्या बाजूच्या तशाच चढले, बसून, उलटी."

"पण मी खिडकी उघडली म्हणाले होते ना?"

"म्हणाली होतीस." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तुझं 'हो' बद्द वाजलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते काकांनाही कधी सांगितलं नव्हतं. नाशिकची थंडी, त्या नऊ वर्षांच्या, धाकटी बहीण बारा दिवसांची. आई न्हाणीघरात होती. बाजेखाली शेगडी आणि वारा यायला लागला, म्हणून शरयूने उठून खिडकी लावली. वर फटीत चिंध्या कोंबल्या. आईने येताना विचारलं, "खिडकी उघडी आहे ना गं?" भीतीने तिने सांगितलं, "हो." आई शेजारणीशी बोलत बाहेरच थांबली. आत आली तेव्हा बाळ गेलं होतं. "लोक म्हणाले दृष्ट लागली," काकू म्हणाल्या. "मी तेव्हापासून ऐकते, मुली. भांडी ऐकते, माणसं ऐकते. तेव्हा माझं 'हो' आईने नीट ऐकलं असतं तर."

त्यांच्या भीतीला मी इतके महिने हसले होते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

नंतर समीरची नोकरी टिकली, व्हिसा टिकला. काका निवृत्त झाले आणि ते दोघं मुलाकडे प्लेनोला गेले. जाताना काकूंनी ते झाकणाचं भांडं मला दिलं. "बूड ओलं असताना आचेवर ठेवू नकोस, फुटेल," एवढंच म्हणाल्या. मग दर हिवाळ्यात, थंडीची पहिली बातमी टीव्हीवर आली की त्यांचा फोन यायचा. तब्येतीच्या चौकशा नाहीत, इकडचं-तिकडचं नाही. "खिडकी किलकिली आहे ना?" घरात गॅसची शेगडी नव्हती, कोळसा तर नव्हताच. तरीही विचारायच्या आणि मी हो म्हणायचे.

शेवटचा फोन हॉस्पिटलमधून आला. आवाज अगदी बारीक झाला होता. मुक्ता सहा वर्षांची, टेबलाशी बसून बिनकानाच्या पेल्यातलं सूप दोन्ही हातांनी धरून पीत होती. बाहेर बर्फ पडत होता.

"खिडकी किलकिली आहे ना गं?"

"हो काकू."

मग त्या म्हणाल्या, "परत सांग."

मी फोन कानाला तसाच धरून उठले. स्वयंपाकघरातली खिडकी बोटभर वर सरकवली. गार वारा सरळ टेबलावर आला. मुक्ता कुरकुरली, "आई, इट्स फ्रीझिंग."

"हो काकू," मी म्हटलं.

"हां," शरयूकाकू म्हणाल्या. "आता खणखणीत वाजलं."