शेजाऱ्याची भिंत आणि अण्णांची लेन्स

“मधलं सगळ्यांचंच चांगलं असतं. कोपरा बघा.”

हे म्हणताना अण्णा एक डोळा मिटायचे, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांची चौकट करायचे आणि तिच्यातून समोरच्याला न्याहाळायचे. समोर आंब्याची पेटी आहे, नवीन बदलून आलेले साहेब आहेत की कुणाची होणारी सून आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा ऑफिसातल्या एकाच्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही निलंग्याला गेलो होतो. सगळे मुलीकडे बघत होते आणि अण्णा चौकट धरून भलतीकडेच. परत येताना जीपमध्ये म्हणाले, “पोरगी झ्याक हाय. कोपऱ्यातला मामा बघितला का? पितोय.” लग्न ठरलं, आणि अक्षता पडायच्या आधी तो मामा स्टेजच्या कोपऱ्यातून खाली पडला. तेव्हापासून अण्णांच्या चौकटीला आमच्यात वजन आलं.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याला वस्तू घेण्यापेक्षा वस्तू निवडण्यात जास्त सुख असतं. अशी माणसं चपलांच्या दुकानात अख्खी दुपार घालवतात आणि जुन्याच चपलेत घरी येतात. अण्णा त्यांतलेच, पण चपलेवर भागणारे नव्हते. त्यांना कॅमेऱ्याची लेन्स घ्यायची होती.

आम्ही दोघं लातूरला जमीन मोजणीच्या ऑफिसात समोरासमोर बसायचो आणि राहायलाही एकाच गल्लीत होतो. मूळचे ते देगलूरचे. राग आला की तेलुगूत पुटपुटायचे, त्यामुळे शिवी नेमकी कुणाला बसली हे साहेबांना शेवटपर्यंत कळत नसे. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांना डिजिटल कॅमेरा आणून दिला. त्याच्यासोबत एक लेन्स आलीच होती, अठरा-पंचावन्नची. तिला अण्णा ‘साबणावर फुकट मिळालेला कंगवा’ म्हणायचे. त्यांना हवी होती रोजची एकच झूम लेन्स. बारशाला, शेतात, ट्रिपला, सगळीकडे चालणारी, एकदा लावली की पुन्हा काढायला नको अशी.

या लेन्सांचे आकडे मलाही त्यांनीच शिकवले, म्हणजे शिकायला भाग पाडलं. लहान आकडा म्हणजे सगळं वऱ्हाड फोटोत, मोठा आकडा म्हणजे त्यातल्या एकाच्याच दातात अडकलेली बडीशेप. आता वऱ्हाडही पाहिजे आणि बडीशेपही पाहिजे म्हटल्यावर अठरा-दोनशेवाली आली. अण्णा म्हणाले, “हिची गावभर सोयरीक, पण कामाला कुणीच येत न्हाई.” मग सतरा-पन्नासवाली आली, जुनी, वापरलेली. अंधाऱ्या मंगल कार्यालयातही ती उजेड धरायची, पण फोकस करताना पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. अठरा-एकशे पस्तीसवाली सगळ्यात शहाणी होती. ती अर्थातच बजेटच्या बाहेर.

बजेट वहिनींनी ठरवलेलं होतं, त्यामुळे ते पक्कं होतं. पगाराच्या फरकाचे पैसे आले तेव्हा त्यांनी दोन वाटे केले. थोरला वॉशिंग मशीनचा, धाकटा लेन्सचा. मशीन त्याच आठवड्यात आली. लेन्सचं घोडं वर्षानुवर्षं अडून राहिलं. मी गेलो की वहिनी चहा ठेवत म्हणायच्या, “मला बघायला आले तवा चहा निवायच्या आत हो म्हणाले. मी म्हणलं, माणूस लई ठाम हाय.”

अण्णा शांतपणे म्हणायचे, “तवा मला कोपरा बघायचं कळत नव्हतं.”

यावर मिळणारा चहा नेहमी बिनसाखरेचा असे.

लेन्स पारखायची त्यांची पद्धत होती. नांदेडला त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीचं एक कॅमेऱ्याचं दुकान होतं. तिथून ते शनिवारी लेन्स मागून आणायचे, टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. शेजारच्या सीटवरच्या बाईला वाटायचं तान्हं मूल आहे. रविवारी सकाळी तिपाईवर कॅमेरा चढवून शेजाऱ्याच्या भिंतीचे फोटो काढायचे आणि सोमवारी त्या दुकानदाराचा माणूस लातूरला आला की लेन्स परत. भिंतच का, तर विटांच्या ओळी सरळ असतात. लेन्स वाईट असेल तर ओळी वाकतात आणि कोपऱ्यातल्या विटा शिळ्या भाकरीसारख्या भुरभुरीत दिसतात. दर वेळी पहिला फोटो ते त्या फुकटच्या लेन्सनं काढायचे, वाईट कशाला म्हणतात ते ध्यानात राहावं म्हणून. तो फोटो ते उघडूनही बघत नसत.

शेजारी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार. त्याचं घर आपल्याकडच्या बऱ्याच घरांसारखंच, समोरून टाईल्स आणि पोपटी रंग, बाजूनं उघड्या विटा. समोरून हॉटेल आणि बाजूनं वीटभट्टी. ती बाजू अण्णांच्या अंगणाकडे होती. दोन्ही घरांचं इतकं सख्य की वरणाची वाटी एकीकडची असली तर तिच्यावरचं झाकण दुसरीकडचं असायचं.

त्या भिंतीला टेकून, अण्णांच्या फोटोत डाव्या हाताला खाली, दुकानदाराचे वडील बसलेले असत. आबा. मोडक्या हाताला सुतळी बांधलेली प्लास्टिकची खुर्ची, बशीतला चहा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्यांना शिव्या. अण्णांनी पहिल्या रविवारी विनंती केली, “आबा, जरा सरका. कोपरा झाकून राहिला.”

“भिंत माझ्या लेकाची,” आबा म्हणाले, “खुर्ची माझी. तूच सरक.”

अण्णा सरकले नाहीत, आबाही सरकले नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक लेन्सच्या प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात आबा बसले. शेवटी अण्णांनी परिस्थितीशी तडजोड केली. “विटेपेक्षा आबाची मिशी बरी,” ते मला म्हणाले. “केस न केस वेगळा दिसला, तर ती लेन्स घ्यायची.” नांदेडहून आलेली प्रत्येक लेन्स आबांच्या मिशीवर नापास होऊन परत गेली.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण अण्णांनी कुठंतरी वाचलं की भिंतीवर छापील कागद चिकटवला की तपासणी अजून चांगली होते. एका रविवारी त्यांनी खळ शिजवली आणि शेजाऱ्याच्या भिंतीच्या चारही कोपऱ्यांना वर्तमानपत्राची पानं डकवली. विचारलं कुणालाच नाही. आता तुम्हीच बघा. मोजणी ऑफिसातला माणूस दर रविवारी तुमच्या भिंतीचे फोटो काढतो, आणि एक दिवस तिच्यावर कागद चिकटवतो. आपल्या भागात याचा अर्थ काय होतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

दुकानदार त्याच संध्याकाळी माझ्या दारात आला. “मला खरं सांगा. मोजणी कवा हाय? माझी भिंत त्यांच्या जागेत गेली म्हणून राहिले का?”

मी म्हटलं, तसं काही नाही, ते लेन्स तपासतात.

“भिंतीवरून लेन्स कळती व्हय? बैल घेताना दात बघायचे सोडून कुणी गोठा बघतंय का?”

मी चहा विचारला, तो न घेताच गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो अण्णांना ‘साहेब’ म्हणू लागला. इतकी वर्षं ‘अण्णा’ म्हणणारा माणूस साहेब म्हणायला लागला की समजावं, इज्जत वाढलेली नाही. वाट्या थांबल्या. अण्णा समजवायला गेले आणि त्यांनी पुरावा म्हणून लॅपटॉपवर काय दाखवायला घेतलं, तर त्याच्याच भिंतीचे शंभरेक फोटो. त्यानं पहिल्याच फोटोला दार लावून घेतलं. आठवड्याभरात त्याच्या दारात वाळू आणि सिमेंटची पोती येऊन पडली. “वीटच दिसणार न्हाई,” तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. “मग मोजा म्हणावं काय मोजायचं ते.”

अण्णांनी जेवण टाकल्यासारखं तोंड केलं. “प्लास्टर केल्यावर मी बघू काय?” असं ते म्हणत, पण दुःख भिंतीचं नव्हतं. संध्याकाळी ते अंगणात बसून त्या घराकडे कान लावायचे. वहिनींनी एकदा सवयीनं वाटीभर भरीत काढलं आणि ते तसंच ओट्यावर राहिलं. त्या वाटीकडे बघताना मला अण्णांची मनापासून कीव आली.

प्लास्टरला गवंडी यायच्या आधीच आबा गेले. सकाळचा चहा बशीत ओतला आणि तो प्यायचा राहिला. अण्णा स्मशानात सगळ्यांच्या मागं उभे होते. दुकानदारानं त्यांच्याकडे बघितलं नाही.

आबांचा धड एकही फोटो घरात नव्हता. मोबाईल समोर आला की ते ध्वज फडकत असल्यासारखे ताठ व्हायचे आणि डोळे गच्च मिटायचे. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यात आबा पाण्याची मोटार चोरताना सापडल्यासारखे दिसत होते. दुकानदार त्याच्याखालून जाताना मान वर करत नसे. तेरवीला हाच फोटो हार घालून मांडायचा आणि पुढं जन्मभर हाच भिंतीवर राहणार, हे त्याला खात होतं.

वहिनी फ्लेक्स बघून आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, “तुमच्यापाशी एवढे आबा पडलेत. द्या की त्यास्नी एक.”

“तो मला दारात उभं करायचा न्हाई.”

“मग बाहेरून द्या. पण द्या.”

अण्णांनी सोबतीला मला घेतलं. बैठकीत सतरंजीवर दहा-पंधरा माणसं बसली होती. दुकानदारानं आमच्याकडे बघितलं, अण्णांच्या काखेतल्या लॅपटॉपकडे बघितलं आणि म्हणाला, “साहेब, आता काय मोजायला आलात?”

सांत्वनाचे चार शब्द अण्णांना आयुष्यात कधी जमले नाहीत. ते खाली बसले, लॅपटॉप उघडला, आणि मी कपाळावर हात मारायच्या आत त्यांनी लेन्सांची उजळणी सुरू केली.

“ही अठरा-दोनशेवाली. हिच्यात आबा वाहून गेले. ही सतरा-पन्नास. आबा बरे हायेत, पण मिशी न्हाई.”

फोटो पुढं सरकत राहिले. सगळ्यांत तीच भिंत, आणि कोपऱ्यात आबा. शेळीला काठी दाखवणारे. बशी फुंकणारे. तोंड उघडं टाकून झोपलेले. दाराआड बसलेल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघी हसल्या, मग सून पदर तोंडाला लावून रडायला लागली. दुकानदार हळूहळू सरकत अण्णांच्या शेजारी येऊन टेकला.

“ही नको,” अण्णा म्हणाले, “ही फुकटवाली हाय, हिच्यात काय दम न्हाई,” आणि पुढं जायला बोट उचललं.

“थांबा,” दुकानदार म्हणाला.

तो अगदी पहिल्या रविवारचा फोटो होता, अण्णांनी कधीच न उघडलेला. आबा थेट आमच्याकडे बघत होते. डोळे उघडे, भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, ‘तूच सरक’ म्हणतानाचं. अण्णांनी तो मोठा केला. आणखी मोठा केला. मिशीचा केस न केस वेगळा होता. गालावरचा चामखीळ होता. बशीच्या कडेला लागलेला चहाचा थेंब होता. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं नांदेडच्या चकरा, आणि मिशी घरात पडून होती.

ते दुखवट्याचं घर आहे हे विसरून अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि सवयीनं म्हणाले, “कोपरा बघा.”

दुकानदारानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पालथ्या हातानं डोळे पुसत म्हणाला, “अण्णा, ह्यो द्या मला.”

तेरवीच्या जेवणात पहिली वाटी वहिनींच्या घरी गेली. झाकण त्यांचंच होतं, इतके दिवस शेजारी अडकलेलं.

अण्णांनी लेन्स घेतली का, असं विचाराल. नाही घेतली. तो धाकटा वाटा वहिनींनी एका दुपारी नव्या गॅसच्या शेगडीत घातला. निवृत्तीनंतर अण्णा देगलूरला राहायला गेले. ऑफिसात त्यांच्या जागी आलेला माणूस सगळ्यांकडे सरळ बघतो, आणि आंबे घेताना मला आता कुणीच काही सांगत नाही. मी वरचे बघून घेतो आणि फसतो. अण्णांची उणीव मला दर पेटीच्या तळाशी कळते.

परवा त्यांचा फोन आला. “नवी एक लेन्स आली हाय. दिवाळीपर्यंत थांबा, भाव पडून राहिलेत.”

माझ्याकडे कॅमेराच नाही, हे मी त्यांना पुन्हा सांगितलं.

“भिंत हाय का?” त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून अण्णांच्या जुन्या अंगणापलीकडं बघितलं. भिंतीला प्लास्टर होऊन, पोपटी रंग लागून बरेच दिवस झाले आहेत. फक्त डाव्या हाताला खाली, एक खुर्ची मावेल एवढ्या विटा उघड्या आहेत. गवंडी थापी मारायला लागला तेव्हा दुकानदारानं त्याचा हात धरला होता. “तेवढं राहू दे. अण्णाला लागतंय.”

“कोपरा हाय, अण्णा,” मी म्हटलं.