दोन बरोबर

प्रिंटरच्या रिबिनीच्या शाईचा वास आला की उद्यमनगरातली ती पत्र्याची खोली आठवते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि शेजारच्या फाउंड्रीची काजळी थेट कीबोर्डवर बसायची. आमच्या कंपनीच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताहोताच अडकायची. तिचा कोड यंत्रभाषेत नेताना कंपायलर देत असलेल्या वॉर्निंग काढायला आम्हा दोघा उमेदवारांना बसवलं होतं आणि दोघांतला एकच नोकरीत कायम होणार होता. मी आतली चूक न बघता नुसते जादा कंस घालून वॉर्निंगची तोंडं बंद करत सुटलो. तो मात्र एकीपाशी थांबला. "गड्या, एका बरोबरच्या चिन्हानं हितं किंमतच बदलतीया. तुलना करायची तर दोन बरोबर पायजेत की." माझा जळफळाट झाला. त्यानं चिन्ह वाढवून मशीन चालू केलं, तेव्हा ते पुन्हा अडकावं म्हणून मी अंबाबाईला विनवत होतो. ते सुरळीत चाललं. "कुणी शोधलं रं?" साहेबांनी विचारलं. "दोघांनी," तो म्हणाला. साहेबांनी दोघांनाही कायम केलं. त्या एका शब्दावर मिळालेली नोकरी मी आजवर इमानानं करतोय, पण तो शब्द उच्चारल्याबद्दल त्याला अजून माफ करू शकलेलो नाही.