ईस्टरच्या सोमवारची छडी

पत्ता शारजाचा होता, पण ती काही वर्षं आम्ही चेक लोकांच्या देशात काढली असंच मी म्हणते. माझा नवरा हमरिया फ्री झोनमधल्या एका चेक कंपनीत इंजिनिअर होता. तिथे पाण्याचे मोठे पंप जोडले जायचे. कंपनीने आपल्या लोकांसाठी शहरात एक कंपाउंड भाड्याने घेतलं होतं. एकाच भिंतीच्या आत सात व्हिला, मध्ये खजुराची झाडं आणि मुलांसाठी एक झोपाळा. सहा घरं चेक लोकांची होती. सातव्यात एक चेक कुटुंब यायचं होतं ते आलं नाही, म्हणून ते घर आम्हाला मिळालं.

पहिल्या दिवसापासून मला त्या वास्तूत किळस येत होती, आणि ती लपवायची कशी हेच मी शिकत होते. सकाळी कुठल्या तरी खिडकीतून डुकराची चरबी वितळवल्याचा वास यायचा. ती चरबी गार करून, घट्ट झाली की पावावर लोण्यासारखी लावायची आणि वर कच्चा कांदा. त्यांचं एक चीज होतं, पिवळं, चिकट, लहान चकत्यांचं. कोणी ते सुट्टीवरून घेऊन आलं की सगळ्या कंपाउंडला कळायचं. काचेच्या बरणीत कितीही घट्ट बंद करून ठेवा, चार दिवस न धुतलेल्या मोज्यांसारखा त्याचा वास सुटायचाच. आम्ही फार तर अंड्यापर्यंत पोचलेले लोक. मी खिडक्या लावून एसी वाढवायची आणि उदबत्ती पेटवायची. मग त्या धुराचा वास सहन न होऊन समोरची बाई तिच्या खिडक्या लावायची.

तरी सगळंच वाईट होतं असं नाही. ते लोक घरात शिरताना चपला दारात काढायचे, हे मला फार बरं वाटलं. पाहुण्यांसाठी दाराशी सपाता ठेवलेल्या असत. वाटेत कोणीही भेटलं, मूल असो की मोठे साहेब, 'दोब्री देन' म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. आणि माझी शेजारीण मला मनापासून आवडायची.

ती कंपनीत हिशेब बघायची. पन्नाशी उलटलेली, विधवा, एकटी राहायची. केस अगदी आखूड, बोलणं त्याहून आखूड. कंपनीच्या बसने चारला परत आली की कॉफी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायची. तिच्याकडून मी मैद्याचे आणि शिळ्या पावाचे उंडे उकडायला शिकले. ते सुरीने नाही, दोऱ्याने कापायचे. सुरीने दाबले जातात. तिला मी साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "हे माझ्यासाठी नाही." मला राग आला नाही. आपल्याकडे पाहुण्याने असं म्हटलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. मला वाटलं, बरं आहे, हिच्याशी खोटं बोलावं लागत नाही.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळा सुरू व्हायच्या आत, ती मला म्हणाली, "कांद्याची सालं फेकू नकोस. मला दे." मी पिशवी भरून दिली. त्या सालांच्या पाण्यात तिने अंडी उकडली. ती अशी गडद तांबूस झाली की मी बघतच राहिले. मग तिने सुईच्या टोकाने त्यांच्यावर पानं, फुलं, जाळी कोरली. मला रांगोळीची आठवण झाली. मीही दोन अंडी कोरली. ती म्हणाली, "तुझा हात चांगला आहे."

त्याच आठवड्यात तिच्या बाथटबमध्ये मला लांब, पिवळट फांद्या भिजत घातलेल्या दिसल्या. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतं, तसल्या झाडाच्या. कंपाउंडमध्येच राहणारे कंपनीचे मोठे साहेब मायदेशाहून परतताना त्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेतून घेऊन आले होते.

"टोपल्या करणार?" मी विचारलं.

"नाही. पुरुषांसाठी. ईस्टरच्या सोमवारी लागतात."

मला वाटलं, देवळात न्यायचं काही असेल. तिने त्या फांद्यांची वेणीसारखी छडी विणली, टोकाला रंगीत फिती बांधल्या. छान दिसत होती.

त्या सोमवारी दुबई-शारजात सगळीकडे कामाचा दिवस होता. फक्त आमच्या कंपनीला सुट्टी. मोठे साहेब रविवारी संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, "उद्या सकाळी तुम्हीही आमच्याबरोबर या. कंपाउंडमधल्या सगळ्या पुरुषांनी यायचं असतं." नवरा खूष झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला कशात तरी घेतलं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला. मी विचारलं, "काय करतात?" तो म्हणाला, "घरोघरी जाऊन शुभेच्छा देतात म्हणे."

मी चहा टाकला होता. मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, रात्रीच्या कपड्यांतच टीव्हीसमोर बसली होती. बेल वाजली. दार उघडलं तर मोठे साहेब, त्यांच्यामागे चार-पाच पुरुष, आणि सगळ्यात मागे माझा नवरा. सगळे लाल झालेले. तोंडाला दारूचा वास. शारजात दारू मिळत नाही, पण बंद घरात कोणाच्या कपाटात काय असतं ते कोण बघतं. प्रत्येकाच्या हातात छडी. नवऱ्याच्याही.

साहेबांनी त्यांच्या भाषेत गाण्यासारखं काहीतरी म्हटलं आणि मी काही बोलायच्या आत छडी माझ्या पोटरीवर बसली. मग मागे, मांडीवर. जोरात नाही. पण साडीतूनही लागलंच. मागचे हसत होते. साहेब म्हणाले, "वळा, वळा. आरोग्यासाठी आहे." दुसऱ्याने पुढे होऊन एक मारली. गडबड ऐकून मुलगी धावत आली. साहेब तिलाही हसून म्हणाले, "ही पण आहे वाटतं," आणि त्यांची छडी तिच्या उघड्या पायांकडे वळली.

ती छडी मी मुठीत पकडली. फिती माझ्या हातात होत्या, दुसरं टोक साहेबांच्या. क्षणभर दोघांनीही सोडलं नाही. मी मागे बघितलं. नवरा हसत होता. ते हसू खरं नव्हतं, तोंडावर तसंच राहून गेलं होतं. त्याच्या दुसऱ्या हातात एका रुमालात तांबूस अंडी होती. त्यातलं एक मी कोरलेलं होतं, ते मी ओळखलं. म्हणजे शेजारणीच्या घरी जाऊन, तिला मारून, बदल्यात अंडी घेऊन तो आला होता.

"गो," मी म्हटलं. एवढंच इंग्रजी आठवलं. मग दार लावलं.

मुलगी म्हणाली, "आई, त्यांनी मला टचसुद्धा नाही केलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दॅट वॉज सो ग्रोस." मी बाथरूममध्ये जाऊन पायांवर कितीतरी वेळ पाणी घेतलं. वळ उठले नव्हते. दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

माझी आई म्हणायची, "वर्षाचा सण आहे, हसून घ्यावं." आमच्या पुण्यातल्या आळीत धुळवडीच्या दिवशी मुलं दबा धरून बसत. कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या छातीवर नेम धरून रंगाचे फुगे मारत, आणि मोठी माणसं गॅलरीतून बघत. एकदा मी रडत घरी आले तेव्हा आईने टॉवेल दिला आणि हेच वाक्य म्हटलं. तेव्हा आलेली किळस आणि त्या सोमवारची किळस एकच होती.

नवरा तासाभराने आला.

"अगं, रीत आहे त्यांची. मला तरी काय माहीत होतं?"

"पहिल्या घरी कळलं ना?" मी विचारलं. "मग दुसऱ्या घरी का गेलात?"

त्याने रुमालातली अंडी टेबलावर ठेवली. मी ती तशीच उचलून कचऱ्यात टाकली.

दुपारी शेजारीण आली, तिचा चेहरा खुललेला होता. मी काय झालं ते सांगितलं. तिला समजेना. "पण हळू मारतात. छडीत हिरव्या झाडाचा जीव असतो. तो आपल्याला मिळतो, नाहीतर बाई वर्षभरात सुकते. तुला राग आलाच असेल तर आमच्या गावी दुपारी बायका पुरुषांवर गार पाणी ओततात. चल, ओतू."

"मला पाणी ओतायचं नाही," मी म्हटलं. "मला कोणी हात लावायला नको आहे."

"हात कोणी लावला? छडी लावली."

तिच्यासमोर बसून मला पहिल्यांदा तिचीही किळस आली. कॉफी अर्धी टाकून ती गेली.

संध्याकाळी झोपाळ्याजवळ टेबलं मांडली होती, सगळे जमले होते. नवरा म्हणाला, "आज नको जाऊ या." मी गेले. मोठ्या साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी माझ्या दारात कोणी यायचं नाही. माझ्या मुलीच्या तर नाहीच."

साहेब रागावले नाहीत. ते विचारात पडले. म्हणाले, "मी तरुण असताना रांचीला, आमच्या देशाच्या मदतीने उभारलेल्या कारखान्यात होतो. होळीला शेजारी आमच्या क्वार्टरमध्ये शिरले. माझ्या बायकोला बाहेर ओढून चिखलात लोळवलं. ती रडली. तेव्हा मला सगळ्यांनी सांगितलं, सण आहे."

त्यांची बायको शेजारीच बसली होती. ती खाली बघत होती.

मी म्हटलं, "तेही घाणच होतं."

मला वाटतं ते हे उत्तर धरून चालले नव्हते. मी माझ्या देशाची बाजू घेईन असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "ठीक आहे. नाही म्हणजे नाही." आणि त्यांच्या देशाच्या माणसाप्रमाणे त्यांनी ते 'नाही' अगदी शब्दशः, सगळ्यांसाठीच पाळलं. पुढच्या वर्षी कोणाच्याच घरी कोणी गेलं नाही. त्या सकाळी कंपाउंडमध्ये फक्त एसींचा आवाज होता.

दुपारी शेजारीण माझ्या दारात आली. आत आली नाही, सपाता घातल्या नाहीत. हातात वाडगं होतं, त्यात कोरलेली अंडी, एकही कमी झालेलं नव्हतं.

"तुझ्या दारात नको होतं, ठीक," ती म्हणाली. "माझ्या दारातून का घालवलंस?"

"मी फक्त माझ्या दाराचं म्हटलं होतं."

"तू बोललीस म्हणून त्यांनी बंद केलं. इतर बायकांना घरात नवरे आहेत. ते उठून दोन छड्या मारतात. मला कोण आहे? आमच्यात ज्या बाईच्या दारात सोमवारी कोणी येत नाही, तिला लोकांनी संपलेली धरली असं असतं. मी सकाळी सहापासून तयार होऊन बसले होते."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला तिची दया आली. आणि त्याच वेळी, एखादी बाई नटूनथटून, अंडी मांडून, छडीची वाट बघत बसली आहे, हे चित्र डोळ्यांसमोर येऊन माझं अंग शहारलं. दोन्ही एकदम झालं. मी तिला "सॉरी" म्हटलं नाही. "आत ये" म्हटलं. ती आली नाही.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि त्याने साहेबांना. त्याच्या पुढच्या वर्षी साहेबांनी स्वतः तोडगा काढला. आदल्या दिवशी एकट्याने प्रत्येक घरी जाऊन त्यांनी बाईला विचारलं, उद्या आम्ही यायचं की नको. नवऱ्याला नाही, बाईला. माझ्या घरी आले तेव्हा दाराबाहेरच उभे राहिले, 'दोब्री देन' म्हणाले, माझं 'नको' ऐकलं आणि गेले. शेजारणीने अर्थातच 'या' म्हटलं. सोमवारी तिच्या दारातून हसण्याचे आवाज येऊ लागले तेव्हा मी मिक्सर लावून चटणी वाटायला घेतली. नवरा घरातच होता. तो आंघोळ करून पेपर वाचत बसला होता. कोणी बोलवायला येण्याआधीच त्याने साहेबांना सांगितलं होतं की आपण येणार नाही. मला ते त्याने सांगितलं नव्हतं. साहेबांच्या बायकोकडून कळलं.

ती त्याच आठवड्यात मला कपडे वाळत घालताना भेटली. आमचं एकमेकींशी कधी फारसं बोलणं नव्हतं.

"यंदा मीही नको म्हटलं," ती म्हणाली.

मी कपडे तसेच हातात धरून उभी राहिले. "साहेब काय म्हणाले?"

"विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस. मला तरी कुठे माहीत होतं. रांचीला मी रडले, ते सगळ्यांना आठवतं. घरी दर ईस्टरच्या सोमवारी मी हसत होते, त्याबद्दल कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला नाही."

तिने चिमटे डब्यात टाकले आणि आत गेली.

नवरा त्या पहिल्या सोमवारच्या सकाळबद्दल नंतर एकदाच बोलला. आम्ही खोर फक्कानला समुद्रावर गेलो होतो. मुलगी पाण्यात होती. तो म्हणाला, "मागे उभा राहून मी हसत होतो, ते तू बघितलंस ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मीही बघतो अधूनमधून." ते हसू मला अजूनही माफ करता येत नाही, आणि तो तसं मागतही नाही.

कंपनीचं काम संपल्यावर कंपाउंड सोडावं लागलं, आम्ही दुबईत, देरा भागात फ्लॅट घेतला. सामान बांधायला शेजारीण आली. सगळी भांडी तिने कागदात नीट गुंडाळली, पेट्यांवर नावं घातली. निघताना मला मिठी मारली. तिच्या कपड्यांना त्या चीजचा वास येत होता. मी श्वास रोखून धरला, आणि ती सोडेपर्यंत तशीच उभी राहिले.